बॉनेटची जळलेली कड

बाबा, आज परत एक जण शेडवर येऊन विचारत होता, गाडीला पॉलिश मारायचं मशीन कुठलं घेऊ म्हणून. गास गावच्या रस्त्याला आपल्या खाचरांच्या पलीकडे ज्या नव्या बिल्डिंगा झाल्यात, तुम्ही नाही पाहिल्यात त्या, तिथला. बँकेत नोकरी, गाडी नवीकोरी, काळी, आणि रविवारी ती स्वतःच्या हाताने चमकवायची हौस. हातात कागद, कागदावर तीन मशीनची नावं. असे आता महिन्याला एकदोन तरी येतात. सगळ्यांना सांगते तेच मी त्यालाही सांगितलं. वेग कमीजास्त करायचं चाक असलेलं घे. वजनाला हलकं बघ. हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नकोस, दुकानदार कितीही गोड बोलला तरी. आणि पहिल्यांदाच घेतोयस तर ते एका जागी गरगर फिरणारं घेऊच नकोस, हल्ली फिरता फिरता हलणारं निघालंय ते घे, त्याला वेळ लागतो पण रंग जळत नाही. बॉनेटच्या कडा, दरवाज्यांच्या कडा, जिथे जिथे पत्रा वळतो तिथे मशीन न्यायचं नाही, तिथे आधी चिकटपट्टी लावायची. तो बिचारा सगळं लिहून घेत होता. तो गेला आणि मला असा काही थकवा आला की मी खुर्चीतून उठलेच नाही. कामाचा थकवा नव्हता तो. दहा वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आणि दहा वर्षं मी हे कडेचं आल्यागेल्याला सांगत बसलेय. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तेवढं सांगितलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

तुमच्या वेळची शेड अजून तशीच आहे, पत्रे तेवढे बदललेत. तेव्हा आपल्याकडे रंगाला आणि पॉलिशला येणाऱ्या निम्म्या गाड्या समुद्राकडच्या असायच्या. अर्नाळ्याच्या मासळीचे टेम्पो, कळंबला बंगले भाड्याने देणाऱ्यांच्या जीपा. खाऱ्या वाऱ्याने रंगाची पार रया गेलेली असायची, वरून हात फिरवला तर बोटांना पांढरी भुकटी लागायची. तुम्ही पाण्याची बादली, जुन्या बनियनचं फडकं आणि रबिंगचा डबा घेऊन बसायचात. एका गाडीला दोन दिवस. फडकं चार बोटांवर गुंडाळून, तळव्याच्या टाचेने जोर देत, आडवं मारायचं आणि मग उभं. आणि जास्तीत जास्त जोर कुठे, तर कडेला. खार कडेला बसते, गंज कडेपासून धरतो, तुम्ही कितीदा म्हणायचात. "कडा सांभाळल्या की मधलं आपोआप चमकतं." गिऱ्हाईक उभं असलं की तुम्ही त्याचाच हात धरून कडेवरून फिरवायचात आणि त्याच्या तोंडाकडे बघायचात. तेवढीच तुमची जाहिरात. अख्ख्या नालासोपारा पश्चिमेला तुमच्या हाताचं नाव होतं, आणि ते तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही गर्विष्ठ नव्हतात, पण त्या एका बाबतीत थोडे होतात, आणि मला ते आवडायचं.

मग खांदा गेला. गेला म्हणजे एका दिवसात नाही, तुम्ही दुखणं अंगावर काढण्यात पटाईत. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर चहा-साखरेचे डबे असायचे. तिथे तुमचा हात पोचेना तेव्हा तुम्ही डावा हात वापरायला लागलात. आईने ते बघितलं. ती चुलीपुढून न उठताच म्हणाली, आता शर्ट मी चढवते, उद्या घास पन मीच भरवू काय. तुम्ही हसलात आणि खांद्याला तेल लावून घेतलंत. दुसऱ्या दिवशी आईने डबे खालच्या फळीवर आणले. त्याचा तुम्हाला इतका राग आला की तुम्ही दोन दिवस चहा घेतला नाहीत. डबे परत वर गेले. असं तुमचं सगळं.

मी तेव्हा वसईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली नोकरी सुटून घरी बसलेली. गाळा बंद पडला, मालक पसार झाला, आणि बी. कॉम. झालेली, लग्नाचं वय उलटत चाललेली मुलगी तुमच्या शेडवर येऊन बसली. आधी फोन घ्यायला, मग गिऱ्हाइकांशी बोलायला, मग सगळ्यातच नाक खुपसायला. तुम्हाला माझी मदत हवी होती आणि नकोही होती. मी फार बोलायचे, बाबा. आता शेडवरची माणसं मला टरकून असतात, पण तेव्हाचं माझं तोंड आठवलं की माझी मलाच लाज वाटते. स्टेशनकडच्या एका गॅरेजवाल्याने पॉलिशचं मशीन आणलं आणि सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी परत द्यायला लागला. आपली गिऱ्हाइकं तिकडे वळायला लागली. तुम्ही म्हणालात, जाऊ दे, परत येतील. मी म्हणाले, येतील तेव्हा तुम्ही हात वर कुठे करणार. हे मी आईच्या देखत म्हणाले. तुम्ही ताटातला भात कालवत राहिलात आणि म्हणालात, मग आनू मशीन.

मशीन आणायला तुम्हाला माझ्याबरोबर यायचं होतं. तुम्ही इस्त्रीचा शर्टही घातला होता. हातात धरून बघतो, एवढंच तुमचं म्हणणं. मी म्हणाले, तुम्हाला मशीनमधलं काय कळतंय, उगाच दगदग कशाला. खरं कारण तेही नव्हतं. दुकानात तुम्ही तासभर एकेक वस्तू उलटीपालटी करत बसणार, दुकानदाराला तुमच्या बोलीत प्रश्न विचारणार, आणि मला बाजूला उभं राहावं लागणार, याची मला लाज वाटत होती. तुम्ही शर्ट काढून खुंटीला अडकवलात. मी एकटीच मुंबईला नागदेवीच्या मशीनबाजारात गेले.

दुकानदार म्हातारा होता, भला माणूस. त्याने दोन मशीनं समोर ठेवली. एक हलकं, त्याला अंगठ्याने फिरवायचं चाक, चाक फिरवलं की वेग कमी होणार. दुसरं जाडजूड, एकाच वेगाचं, चालू केलं की दुकानाचं काउंटर थरथरलं. त्याने सांगितलं, ताई, हे मोठं आहे ते खरं तर लोखंड घासायचं, लोक त्याला लोकरीचा बफ, म्हणजे गोल गादी, लावून रंगावर वापरतात, पण रंगाचं काम असेल तर चाकवालंच न्या. मी विचारलं, काम लवकर कशाने होतं. तो म्हणाला, लवकर मोठ्याने होतं. मग मी मोठं घेतलं. स्टेशनकडच्याच्या पुढे जायचं होतं मला. मशीन खोक्यात घालता घालता तो म्हणाला, नेताय तर एक ध्यानात ठेवा, कडेला नेऊ नका, कडेला रंग पातळ असतो, क्षणात पत्रा दिसेल. मी हो हो म्हटलं. तेव्हा मी खोकं हातात धरून कसं न्यायचं या विवंचनेत होते. त्याचं बोलणं एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्या कानाने सोडलं, इतकं साधं आहे ते. घरी येईपर्यंत मी ते विसरले होते.

तुम्ही मशीन हातात घेतलंत तेव्हा पहिल्यांदा ते तुम्हाला ओढत घेऊन गेलं. भंगारातला एक दरवाजा टेकून ठेवला होता, त्यावर तुम्ही शिकत होतात, आणि शिकवत होते कोण, तर मी, जिने जन्मात गाडीला फडकं लावलं नव्हतं. हात दोन्ही बाजूंनी धरा, वायर खांद्यावरून घ्या, बफ आधी टेकवा आणि मग बटण दाबा. खोक्यातल्या कागदावर वाचलेलं मी तुम्हाला सांगत होते. कडेचं त्या कागदावर नव्हतं. तुम्ही म्हणालात, "हे हातात ऱ्हात नाय, याला स्वतःचीच घाई हाय." पण आठवड्याभरात तुम्ही त्याला वठणीवर आणलंत. पहिल्या तीनचार गाड्या पांढऱ्या होत्या, जाड रंगाच्या, त्या झकास झाल्या. एक गाडी एका दिवसात. संध्याकाळी खांदा ठणकत नव्हता. तुम्ही घरी येऊन उजव्या हाताने वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढलात, आईने बघेपर्यंत तो हातात धरून उभे राहिलात, आणि मग म्हणालात की पोरीनं चांगलं केलं. माझ्यासमोर तुम्ही मला असं कधी म्हणत नसायचात. त्या रात्री जेवताना मला फार बरं वाटलं होतं.

मास्तरांची गाडी त्याच्या पुढच्या आठवड्यात आली. मास्तर म्हणजे तुमचे शाळासोबती, गावच्या शाळेतून निवृत्त झालेले, सेकंडहँड घेतलेली त्यांची ती गर्द निळी गाडी. तिला रंग तुम्हीच दिलेला, आणि दर दिवाळीला पॉलिशही तुमच्याच हातचं. दुसऱ्या कोणाला त्यांनी कधी फडकं लावू दिलं नव्हतं. त्यांच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर होतं, नवरीला त्याच गाडीतून न्यायचं होतं. मास्तर स्टुलावर बसून तुमचं काम बघत होते आणि तुमच्या खांद्याची चौकशी करत होते. टप झाला, दरवाजे झाले, आरशासारखे लख्ख. मग बॉनेट. मधलं झालं आणि तुम्ही मशीन पुढच्या कडेला आणलंत. तीस वर्षांची सवय तुमची. कड आली की हात आपसूक जोर देणार. मी चार पावलांवर उभी राहून बघत होते, आणि तेव्हाही मला काही आठवलं नाही. आधी जळका वास आला. तुम्ही मशीन उचललंत तेव्हा वीतभर लांब पट्टा गेला होता, निळा जाऊन खालचा राखाडी प्रायमर, आणि त्याच्याही मधोमध पत्र्याची रेघ. दर दिवाळीला तुमच्याच हाताने घासून घासून तिथला रंग कांद्याच्या पापुद्र्याएवढा उरला असणार. हे मी आता सांगू शकते. तेव्हा मला एवढंच दिसलं की मास्तर उठून उभे राहिलेत आणि माझ्याकडे बघतायत. तुमच्याकडे नाही, माझ्याकडे, कारण मशीन मी आणलेलं हे अख्ख्या गावाला माहीत होतं. आणि त्या क्षणी मला नागदेवीचा म्हातारा आठवला. शब्द न् शब्द आठवला.

मी म्हणाले, "बाबा, मी सांगितलं होतं ना तुम्हाला, कडेला नेऊ नका म्हणून."

नव्हतं सांगितलं. कधीच नाही. पण तोंडातून ते इतक्या सहज, इतक्या वैतागून निघालं, की ऐकणाऱ्याला वाटावं मी दहादा बजावलं असेल. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मशीनचा बफ अजून फिरून थांबायचा होता. तुम्ही कपाळाला आठ्या घातल्यात, काहीतरी शोधत असल्यासारखं, आणि मग मास्तरांकडे वळून म्हणालात, "हो. सांगितलेलं तिनं. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं नाय." त्या वेळी मला वाटलं, बापाने पोरीची अब्रू सांभाळली. तुम्हाला ठाऊक आहे मी खोटं बोलतेय, आणि चारचौघांत तुम्ही मला उघडं पाडलं नाहीत. कितीतरी दिवस मी असंच धरून चालले. ते धरून चालणं सोयीचं होतं.

मास्तर देवमाणूस. ते म्हणाले, अरे, माणसाचं कातडं जळत नाही का, रंगाचं काय घेऊन बसलास. तुम्ही तिथेच बॉनेट उघडून घेतलंत. तीन दिवस तुम्ही कोणाला हात लावू दिला नाहीत. घासायचा पेपर मारून, प्रायमर देऊन, रंग देऊन, शेवटचं पॉलिश फडक्याने केलंत, डाव्या हाताने, उजवा मांडीवर ठेवून. लग्नाच्या दिवशी फुलं लावलेली ती गाडी देवळापुढे उभी होती आणि कड कुठे जळली होती ते मलाही सापडलं नाही. पण ती तुमची शेवटची गाडी. त्यानंतर तुम्ही शेडवर यायचात, खुर्चीत बसायचात, मात्र फडकं उचललं नाहीत आणि मशीनकडे तर बघितलंही नाहीत. मी म्हटलं, खांद्याला आराम पडतोय, बरंच आहे. कामं वाढली होती, मी दोन माणसं ठेवली, मोठं मशीन देऊन टाकलं आणि गुपचूप चाकवालं घेऊन आले. का बदललं ते तुम्ही विचारलं नाहीत, आणि मीही सांगितलं नाही.

विचारायला लागलात ते दुसरंच. आधी आईला. मीठ आणायला सांगितलेलं का गं मला? वाण्याचे पैसे द्यायला कोन बोललेलं? आई म्हणायची, नाय हो, कोणी नाय सांगितलं. तर तुम्ही म्हणायचात, नीट आठव, माझा भरवसा नाय. मग शेडवर माझ्यामागे लागलात. टेम्पोवाल्याचा निरोप आला तर तो माझ्याकडून तीनदा वदवून घ्यायचात आणि पाकिटावर लिहून खिशात ठेवायचात. गिऱ्हाईक बोलायला आलं तर तुम्ही हात जोडून सांगायचात, पोरीशी बोला, माझ्या ध्यानात ऱ्हात नाय. कुठली गाडी कुठल्या दिवाळीला कुठल्या रंगात रंगवली ते तोंडपाठ असलेला माणूस, आणि तो लोकांना हे सांगत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तुम्ही माझी अब्रू सांभाळली नव्हती. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला होता. मी सांगितलं होतं म्हणाले म्हणजे सांगितलंच असणार, आणि तुम्हाला आठवत नाही म्हणजे तुमचंच डोकं कामातून गेलं असणार. मी जेव्हा बघायचे तेव्हा तुम्ही खुर्चीत बसून ते कधीच न घडलेलं बोलणं आठवायचा प्रयत्न करत असायचात, आणि ते आठवत नाही म्हणून घाबरत चालला होतात.

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले तुम्हाला, वसईला. आईने टुमणं लावलं होतं म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, काय काय विसरता, काका. तुम्हाला एकच गोष्ट सांगता आली. पोरीनं कडेचं सांगितलेलं, ते मी विसरलो आनि दोस्ताची गाडी जाळली, ऐन त्याच्या पोरीच्या लग्नात. डॉक्टरांनी तुम्हाला वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले, पाच वस्तूंची नावं सांगून मधेच गप्पा मारल्या आणि मग ती परत विचारली. तुम्ही धडाधड पाचही सांगितलीत, क्रमाने. ते हसले. म्हणाले, माझ्यापेक्षा तुमचं डोकं ठीक आहे, काळजी सोडा, एखादी गोष्ट कोणीही विसरतं. तुम्ही म्हणालात, एखादी विसरेन हो, पन ऐकलेलंच आठवत नाय म्हंजे काय. डॉक्टर माझ्याकडे वळले आणि सहज म्हणाले, तुम्ही नक्की सांगितलं होतं ना यांना? बाबा, याहून सोपी वेळ कोणाला मिळत नसते. दार माझ्यापुढे सताड उघडं होतं. नुसतं नाही म्हणायचं होतं. तुम्हाला राग आला असता, चार दिवस चहा घेतला नसतात, आणि पाचव्या दिवशी फडकं उचललं असतंत. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, आणि मला वाटतं तुम्हाला आशा होती. मी म्हणाले, हो, सांगितलं होतं. परक्या माणसापुढे खोटारडी ठरायला नको म्हणून. तो डॉक्टर मला नंतर उभ्या आयुष्यात दिसला नाही.

येताना रिक्षात मी बडबडत होते, डॉक्टर म्हणाले ना ठीक आहे, मग झालं तर. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं चाललं होतं. त्यानंतर दीड वर्ष तुम्ही होतात. त्या दीड वर्षात मी रोज ठरवायचे, आज सांगू. चहाच्या वेळी सांगू, तर मास्तर आलेले असायचे. जेवताना सांगू, तर आई समोर. कधी कधी कोणीच नसायचं, तुम्ही वाडीत केळीच्या बुंध्याशी पाणी सोडत बसलेले असायचात, आणि मी जवळ जाऊन उभी राहायचे. तुम्ही वर बघून विचारायचात, काय गं, काय सांगितलेलंस का मला? मग मी म्हणायचे, नाही, काही नाही. आणि परत फिरायचे. जितका वेळ गेला तितकं ते जड होत गेलं. एका दिवसाचं खोटं एका वाक्यात सांगून मोकळं होता येतं. वर्षाचं झालं की वर्षभर का गप्प बसलीस तेही सांगावं लागतं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

थोडं होतं खरं तर. तुम्ही खुर्चीत बसायला लागल्यापासून शेड माझी झाली होती. कोणी मधे बोलत नव्हतं, एका गाडीला दोन दिवस लावा म्हणून कोणी अडवत नव्हतं. गिऱ्हाइकं मला ताई म्हणून नमस्कार करायला लागली होती. मला ते गोड लागत होतं. तुम्ही परत उभे राहिला असतात तर मी पुन्हा फोन उचलणारी मुलगी झाले असते. हे मी स्वतःशीसुद्धा कधी मोठ्याने बोललेले नाही. आज इतकी दमलेय की झाकायलाही जोर उरलेला नाही, म्हणून लिहून टाकते.

आई बरी आहे. डबे तिने खालच्या फळीवर आणलेत, आता तिचाच हात वर पोचत नाही. कोणी तुमची आठवण काढली की ती सांगते, माणूस सोन्यासारखा, पन शेवटी शेवटी पार विसराळू झालेले. लोक हळहळतात. मी तिथेच असते, चहाचे कप गोळा करत. हे पत्र तिला वाचून दाखवावं असं आज क्षणभर मनात आलं होतं. नाही दाखवणार. तिला वाचता येत नाही, आणि एवढं मोठ्याने वाचायचं माझ्याच्याने व्हायचं नाही. घडी करून कपाटात कपड्यांखाली ठेवीन, आणि काही दिवसांनी फाडून टाकीन, स्वतःला एवढं मी ओळखते.

एकच सांगायचं राहिलंय. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या आठवड्यात, दुपारी, आई पाण्याला गेली होती. मी तुमच्या उशाशी बसले होते. तुम्ही माझा हात धरलात, उजव्याच हाताने, आणि म्हणालात, "त्या दिवशी मास्तरासमोर तुझं नाव घालवलं मी. तू सांगितलेलं, मीच ऐकलं नाय. मला माफ कर, पोरी."

बाबा, मी म्हणाले, जाऊ द्या हो, मी केव्हाच केलंय माफ.